रिटायर झालेल्या विमानाचं पुढे काय होतं? एअरलाइनला मिळालेल्या पहिल्या ए३८०ची गोष्ट

२२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं ‘आग्रा’ नावाचं बोईंग ७४७ मुंबईहून कायमचं उडालं. उड्डाणानंतर लगेच पायलटने पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवून शहराचा निरोप घेतला. तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आला असेल. विमान अमेरिकेला निघालं होतं. घेणारी कंपनी होती एअरसेल. जुनी विमानं विकत घ्यायची, काही पुन्हा वापरात आणायची आणि काहींचे सुटे भाग करून विकायचे, हा तिचा धंदा.

व्हिडिओखाली बहुतेकांची कमेंट एकच होती: “आता भंगारात जाणार.” आपल्याला वाटतं तसंच की विमान जुनं झालं, थकलं, मोडलं, रद्दीत गेलं. प्रत्यक्षात मोठी विमानं रिटायर होतात तेव्हा बऱ्याचदा ती उडायला अगदी ठणठणीत असतात. मग काढतात का? आणि काढल्यावर त्यांचं काय होतं? हे समजून घ्यायला मी मुद्दाम एक विचित्र केस निवडली आहे: एक असं विमान, जे जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान होतं आणि फक्त दहाव्या वर्षी रिटायर झालं.

एमएसएन ००३

प्रत्येक विमानाला कारखान्यातून एक क्रमांक मिळतो, मॅन्युफॅक्चरर सिरियल नंबर म्हणजे एमएसएन. फोनचा आयएमईआय असतो ना, तसाच. विमानाचा मालक बदलला, रंग बदलला, देश बदलला, नोंदणी बदलली तरी हा नंबर बदलत नाही.

एअरबस ए३८० या दुमजली विमानाचा एमएसएन ००३ सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ ला मिळाला. एखाद्या एअरलाइनच्या हातात पडलेलं हे पहिलं ए३८०. दहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, ते सिंगापूरहून सिडनीला प्रवासी घेऊन गेलं. त्या पहिल्या फ्लाइटची तिकिटं ईबेवर लिलावात विकली होती आणि पैसे दानाला गेले. आत ४७१ सीट होत्या, त्यात १२ स्वीट. स्वीट म्हणजे दार लावता येणारी छोटी खोलीच.

२०१७ मध्ये हेच विमान रिटायर झालं. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी तार्ब नावाचं गाव आहे, तिथल्या विमानतळावर जाऊन उभं राहिलं. पुढच्या वर्षी जाहीर झालं की याला आता खोलणार. सोबत त्याचा भाऊ एमएसएन ००५ सुद्धा.

गंमत बघा, त्याच सुमारास सिंगापूर एअरलाइन्स पाच कोरी ए३८० विमानं घेत होती. म्हणजे मॉडेल नको होतं असं नाही. तेच मॉडेल, फक्त नवा पीस.

विमानाचं वय वर्षांत मोजत नाहीत

सेकंडहँड आयफोन घेताना तुम्ही काय बघता? कोणत्या वर्षीचा हे बघताच, पण खरी नजर बॅटरी हेल्थवर आणि चार्जिंग सायकल काउंटवर असते. दोन वर्षं जुना पण कमी चार्ज केलेला फोन हा एका वर्षाच्या रगडलेल्या फोनपेक्षा बरा असू शकतो.

विमानाचंही तसंच. तिथे दोन मीटर चालतात: उड्डाणाचे तास आणि सायकल. एक टेकऑफ आणि एक लँडिंग मिळून एक सायकल. मुंबई-गोवा असो की मुंबई-न्यूयॉर्क, सायकल एकच धरतात.

आता यात एवढं काय, तर हवेचा दाब. ३५-४० हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की श्वास घेता येणार नाही. म्हणून केबिनमध्ये हवा भरून दाब वाढवतात. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक विमानाच्या बॉडीच्या दर चौरस मीटरला सुमारे सहा टन जोर लावतो. (म्हणूनच उडत्या विमानाचं दार कुणी कितीही ओढलं तरी उघडत नाही.) खाली उतरलं की हा जोर शून्य. म्हणजे प्रत्येक सायकलला विमानाची बॉडी फुग्यासारखी किंचित फुगते आणि परत बसते. लोखंडी तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, पण मागे-पुढे, मागे-पुढे करत राहिलं की एका क्षणी कट्कन तुटते. धातू असाच थकतो. इंजिनिअरिंगमध्ये याला फटीग म्हणतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण छोट्या विमानाचं आहे. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं छत उडत्या विमानावरून उखडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, तिचा जीव गेला. बाकी ९४ जण वाचले, हे नवलच. विमान १९ वर्षांचं होतं आणि तास साधारण ३५ हजार, म्हणजे फार नाहीत. पण सायकल? जवळपास ९० हजार. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या मारून मारून त्या विमानाने हा आकडा गाठला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजवलं ते वेगळंच.

वाइड-बॉडी, म्हणजे आत दोन पॅसेज असलेल्या मोठ्या विमानांचं उलट असतं. लांब पल्ला, त्यामुळे तास भरपूर, सायकल कमी. ए३८०ची बॉडी डिझाइन करतानाच १९ हजार सायकलचं लक्ष्य धरलं होतं. ते खरं आहे का हे बघायला जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये एक आख्खं ए३८० हॉलमध्ये बांधून, त्याला यंत्रांनी पिळून-ताणून ४७,५०० उड्डाणांची नक्कल केली. म्हणजे लक्ष्याच्या अडीच पट.

आता एमएसएन ००३ चा अंदाजे हिशेब करू. रोज दोन उड्डाणं धरली, एकही दिवस सुट्टी नाही, तरी दहा वर्षांत ७,३०० सायकल होतात. बॅटरी हेल्थच्या भाषेत, फोन अजून साठ टक्क्यांच्या वर आहे. तरी फेकला.

मग मारलं कुणी?

पैशांनी. आणि इथे फोनची तुलना संपते, कारण हे विमान सिंगापूर एअरलाइन्सचं नव्हतंच.

जगातली बरीच विमानं एअरलाइन्स भाड्याने घेतात. एमएसएन ००३ चा मालक होता डॉर्टमुंडच्या डॉक्टर पीटर्स ग्रुपचा एक फंड, ज्यात जर्मनीतल्या साध्या गुंतवणूकदारांनी पैसे टाकले होते. दहा वर्षांचा भाडेकरार होता. कल्पना सोपी: दहा वर्षं भाडं येईल, नंतर दुसरा भाडेकरू मिळेल किंवा विमान विकलं जाईल. २०१६ मध्ये सिंगापूरने कळवलं की करार वाढवणार नाही. आणि दुसरा भाडेकरू काही मिळेना.

का मिळेना? एक तर चार इंजिनं. दोन इंजिनांची नवी विमानं तितक्याच लांब जातात आणि एका प्रवाशामागे इंधन कमी पितात. दुसरं, रोज साडेचारशे-पाचशे सीट भरणारे मार्ग जगात मोजकेच. तिसरं, आतली सजावट सिंगापूरच्या पद्धतीची. दुसऱ्या एअरलाइनला सीट, स्क्रीन, किचन सगळं बदलायचं तर कोट्यवधी डॉलर खर्च. शिवाय मोठ्या विमानाला ठराविक वर्षांनी सगळं उघडून तपासावं लागतं. पॅनल काढायचे, फरशी काढायची, सांगाडा दिसेपर्यंत सोलायचं. ही मोठी तपासणी म्हणजे विमानांच्या आयुष्यातली यमाची पायरी. बरीच विमानं या तपासणीच्या तोंडावरच रिटायर होतात, कारण तेवढा खर्च करून पुढे कमाई होईल का, हा प्रश्न मालकाला तेव्हाच पडतो.

आणखी एक दार बंद होतं. ७४७ म्हातारं झालं की त्याच्या कुशीत मोठं दार कापून, फरशी मजबूत करून ते मालवाहू करता येतं. प्रवासी विमान म्हणून वीस वर्षं आणि नंतर खोकी वाहत आणखी पंधरा वर्षं, असं आयुष्य अनेक ७४७ जगली. ए३८०ला हा दुसरा जन्म नाही. वरचा मजला माणसांच्या वजनाच्या हिशेबाने बांधलेला. तेवढ्या उंचीवर माल चढवायला खास यंत्रणा लागते. कारखान्यातूनच मालवाहू ए३८० काढायची योजना होती, पण फेडएक्सने २००६ मध्ये आणि यूपीएसने २००७ मध्ये ऑर्डर रद्द केल्या आणि ते स्वप्न तिथेच मिटलं.

तिसरा भाऊ एमएसएन ००६ मात्र वाचला, थोड्या काळासाठी. पोर्तुगालच्या हाय फ्लाय कंपनीने २०१८ मध्ये तो घेतला आणि २०२० संपता संपता परत केला.

मला विचाराल तर यात विमानाचा दोष काहीच नाही. ठरवायची गोष्ट एकच होती: आख्खं विमान विकून किती मिळतील आणि खोलून विकलं तर किती? खोलून विकलेलं महाग पडलं की विमानाचा खेळ संपला, मग वय दहा असो की तीस.

खोलतात कसं

विमान आधी ‘पार्क’ होतं. यासाठी कोरडी हवा लागते, म्हणून अमेरिकेतलं मोहावी वाळवंट किंवा स्पेनमधलं तेरुएल अशी ठिकाणं प्रसिद्ध आहेत. दमट हवेत ॲल्युमिनियमला गंज चढतो, तिथे कमी चढतो. इंजिनांची तोंडं झाकतात, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवतात (नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्यांचे थोरले भाऊ), खिडक्यांना चकचकीत फॉइल लावतात, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून फिरवत राहतात. मालकाचा निर्णय व्हायचा असतो तोवर विमान असं झोपवून ठेवतात.

निर्णय झाला की पहिल्यांदा इंजिनं उतरतात. जुन्या विमानात सगळ्यात किमती वस्तू तीच. एमएसएन ००३ ची इंजिनं तर उतरवून पुन्हा रोल्स-रॉइसलाच भाड्याने दिली, इतर ए३८०साठी स्पेअर म्हणून. मग लँडिंग गिअर, शेपटातलं छोटं सहायक इंजिन, कॉकपिटमधले कॉम्प्युटर, पंप, व्हॉल्व, पंखांच्या हलत्या पट्ट्या. ए३८०मध्ये सुमारे ४० लाख भाग असतात. अर्थात सगळे विकत नाहीत. विकण्याजोगे हजारांत मोजायचे.

उरलेला सांगाडा कापतात. तार्बमध्ये हे काम करणारी टार्मॅक एरोसेव्ह कंपनी सांगते की विमानाच्या वजनाचा ९२ टक्क्यांपर्यंत भाग पुन्हा वापरात किंवा रिसायकलिंगमध्ये जातो. ‘तुमच्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये विमान आहे’ असं एक वाक्य नेटवर फिरतं. ते मी फार मनावर घेत नाही. विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं, कॅनचा पत्रा वेगळ्या मिश्रणाचा. वेगळं न करता वितळवलं तर हलक्या दर्जाचं ओतीव काम होतं, एवढंच.

थोडा भाग चाहत्यांकडे जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एका रिटायर ए३८०च्या शेकडो वस्तूंचा लिलाव झाला. जिना, बार, दिवे, सीट, काय वाट्टेल ते.

धातूपेक्षा कागद महाग

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण या सगळ्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात डिस्प्ले बदलायला गेलात की दुकानदार म्हणतो, “भाऊ, ओरिजिनल आहे, दुसऱ्या फोनचा काढलेला.” तुम्ही विश्वास ठेवता, कारण तपासायचा मार्ग नसतो. फार तर महिनाभराने टच चालेनासा होतो.

विमानात हे चालत नाही. जुन्या विमानातून काढलेला पंप दुसऱ्या विमानात बसवायचा तर त्याच्यासोबत कागद हवा: कोणत्या विमानातून काढला, किती तास चालला, कुणी तपासला, कुणी सही केली. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचे नियम तर आणखी कडक. त्यांना ठरलेल्या सायकलची मर्यादा असते आणि पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक सायकल नोंदलेली लागते. नोंदीत मधली दोन वर्षं गायब असतील तर दिसायला नवीकोरी चकतीसुद्धा शून्य रुपयांची होते. मर्यादा संपलेली चकती नुसती टाकून देत नाहीत, कापून किंवा भोकं पाडून निकामी करतात. जुनं एटीएम कार्ड आपण कात्रीने कापतो तसं, म्हणजे मागच्या दाराने कुणी परत बाजारात आणू नये.

ही भीती कल्पनेतली नाही. २०२३ मध्ये लंडनमधली एक कंपनी खोट्या प्रमाणपत्रांवर इंजिनाचे भाग विकत असल्याचं उघड झालं. ते भाग बोईंग ७३७ आणि एअरबस ए३२० ला लागणाऱ्या सीएफएम५६ इंजिनांचे होते. अनेक देशांतल्या एअरलाइन्सना विमानं थांबवून, इंजिनं उघडून ते भाग शोधून काढावे लागले.

आणि कागदावर ‘दुरुस्ती झाली’ लिहिलंय पण प्रत्यक्षात नीट झालेली नाही, तर काय होतं याचं उदाहरण वाइड-बॉडीचंच आहे. ७ फेब्रुवारी १९८० ला हाँगकाँगला उतरताना चायना एअरलाइन्सच्या एका बोईंग ७४७ चं शेपूट धावपट्टीला घासलं. पत्र्यावर ओरखडे पडले. नियम असा की खराब पत्रा कापून टाकायचा किंवा त्याच्या बराच बाहेरपर्यंत जाणारा मजबूत पॅच लावायचा. प्रत्यक्षात ओरखडे तसेच ठेवून त्यांच्यावर अपुरा पॅच बसवला गेला. वरून सगळं छान. आत, पॅचखाली, प्रत्येक सायकलला एक भेग केसाएवढी पुढे सरकत होती. बावीस वर्षं.

२५ मे २००२ ला तैपेईहून हाँगकाँगला निघालेलं ते विमान उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत, चढत असतानाच, हवेत फुटलं. २२५ जण होते, कुणी वाचलं नाही. तेव्हा त्याच्या सायकल २१ हजारांहून जास्त झाल्या होत्या. तपासात जुने फोटो बघितले तेव्हा त्या पॅचभोवती तपकिरी डाग दिसले. विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती त्या काळातला धूर भेगेतून बाहेर झिरपल्याचा तो माग मानला जातो. म्हणजे खूण डोळ्यांसमोर होती. हे विमान एका थाई कंपनीला विकलेलं होतं. हाँगकाँगहून परत आलं की ते नव्या मालकाकडे जाणार होतं.

म्हणून एखादी कंपनी दहा वर्षांचं धडधाकट विमान खोलते तेव्हा मला वाया गेल्यासारखं वाटत नाही. ज्याची जन्मापासूनची नोंद एकाच एअरलाइनकडे नीट ठेवलेली आहे, असं विमान म्हणजे भरवशाच्या भागांचं गोदाम. सगळ्यात जास्त ए३८० उडवते ती एमिरेट्स. एअरबसने डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचं ए३८० तिच्याच हातात दिलं आणि एकूण आकडा २५१ वर थांबला. आता उत्पादन बंद. पुढची कित्येक वर्षं उडणाऱ्या ए३८०ना लागणाऱ्या बऱ्याच भागांसाठी रिटायर झालेल्या भावंडांकडेच बघावं लागणार.

पुढची पिढी

ॲल्युमिनियम वितळवता येतं. पण बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० च्या वजनाचा निम्मा भाग कार्बन फायबरचा आहे. हे साहित्य थकव्याला आणि गंजाला ॲल्युमिनियमपेक्षा जास्त दाद देत नाही, म्हणून आयुष्य जास्त. मात्र रेझिनमध्ये घट्ट बसलेला तो धागा पुन्हा वेगळा करणं अवघड आणि महाग. २०२३ मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला दोन ७८७ विमानं पहिल्यांदाच खोलायला घेतली. वय? साधारण दहा. इथेही कारण थकवा नव्हतं. भाग विकून जास्त मिळत होते.

पुढच्या वेळी विमानात बसायच्या आधी एक करून बघा. फ्लाइटरडार२४ ॲपमध्ये तुमची फ्लाइट शोधा, तिथे ‘व्हीटी-’ने सुरू होणारी नोंदणी दिसेल (भारतीय विमान असेल तर). तीच नोंदणी प्लेनस्पॉटर्स या वेबसाइटवर टाका. विमान कधी बनलं, त्याचा एमएसएन काय, आधी कोणत्या देशात कुणासाठी उडत होतं, सगळं समोर येतं. सेकंडहँड विमान निघालं तर घाबरू नका, तशी भरपूर आहेत. सायकलचा आकडा मात्र तिथे मिळणार नाही. तो एअरलाइनच्या लॉगबुकात असतो.